स्लेट कॉलसाठी लाकडी स्ट्रायकर निवडताना: टर्कीला साद घालायला शिकणाऱ्या नवख्यांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहीजण आता वसंत ऋतूत रानटी टर्कीच्या मागे जाऊ लागले आहेत. कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर रीतसर परवाना काढून शिकारीला जातो, कुणी फक्त कॅमेरा घेऊन झाडाखाली बसतो. दोघांची अडचण मात्र एकच असते. दुकानातून स्लेटचा पॉट कॉल, म्हणजे टर्कीची साद काढायची दगडी पाटीची डबी, आणली, सोबत आलेली लाकडी काडी, म्हणजे स्ट्रायकर, त्यावर फिरवली, आणि मादी टर्कीच्या आवाजाऐवजी नुसती किंचाळी निघाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली. त्यामुळे पक्ष्याला साद कशी घालायची हे दाखवणारे आपल्या घरात कुणी नसते. अमेरिकेतल्या मुलांना ते आजोबांकडून मिळते, आपल्याला ते विचारत विचारत गोळा करावे लागते.

अशा वेळी लोक हमखास महागडा नवा पॉट विकत घेतात. माझे आग्रहाने सांगणे आहे की आधी काडी बदलून बघा. तोच पॉट, तीच पाटी, तोच हात असला तरी वेगळ्या लाकडाचा स्ट्रायकर घेतला की आवाज इतका बदलतो की दुसरीच टर्की बोलते आहे असे वाटते. चांगला स्ट्रायकर साधारण दहा ते पंचवीस डॉलरला मिळतो, पॉटला त्याहून बरेच जास्त पैसे पडतात.

सुरुवातीला जवळ काय असावे

- स्लेटचा एक पॉट कॉल. काच किंवा अॅल्युमिनियमचा नंतर घ्या.
- तीन लाकडी स्ट्रायकर (कोणते ते पुढे येईल)
- ओल्या दिवसासाठी अॅक्रिलिक किंवा कार्बन टोकाचा एक स्ट्रायकर
- भांडी घासायच्या स्कॉचब्राइटचा छोटा चौकोन
- १५० आणि २२० नंबरच्या सँडपेपरचे तुकडे
- झिपची प्लास्टिक पिशवी आणि एक पेन्सिल
- शिकारीला जाणार असाल तर राज्याचा परवाना आणि हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र

१. आवाज कुठून येतो ते आधी समजून घ्या

पॉट म्हणजे लाकडाची किंवा प्लास्टिकची चपटी, गोल डबी. तिच्या तोंडावर स्लेटची पातळ चकती बसवलेली असते. तिच्या खाली थोडी पोकळी सोडून आणखी एक चकती असते, तिला साउंड बोर्ड म्हणतात. डबीच्या बुडाला भोके असतात आणि आवाज तिथून बाहेर पडतो. शाळेच्या पाटीवर पेन्सिल एका विशिष्ट कोनात धरली की करकरायची, तीच क्रिया इथे मुद्दाम घडवून आणायची असते. काडीचे टोक दगडाला धरते, सुटते, पुन्हा धरते. हे सेकंदाला शेकडो वेळा होते आणि त्यातून पाटी कंप पावते.

नवख्यांच्या लक्षात येत नाही ते असे की पाटीबरोबर काडीही कंप पावत असते. टोक किती कडक आहे, दांडी किती जाड आहे, वरची मूठ किती जड आहे आणि तुम्ही ती कुठे धरली आहे, या सगळ्यांचा आवाजावर परिणाम होतो. म्हणून ‘सर्वांत चांगले लाकूड कोणते’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते. ‘माझ्या पॉटवर कोणते चांगले वाजते’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर मिळते.

२. खरी टर्की ऐका, मगच खरेदीला जा

कान तयार नसेल तर काडी निवडता येणार नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या मॅकॉले लायब्ररीत रानटी टर्कीचे भरपूर ध्वनिमुद्रण आहे आणि ते फुकट ऐकता येते. सुरुवातीला तीनच आवाज पक्के करा.

येल्प ही मादीची मुख्य हाक. ती एका सुराची नसते. आधी उंच आणि स्वच्छ स्वर येतो, मग तो मोडून खाली, थोड्या खरखरीत स्वरात उतरतो. ही मोड ज्या काडीतून सहज निघते ती काडी चांगली, माझ्या मते बाकी सगळे त्यानंतर. क्लक म्हणजे एकच तुटक, टणक आवाज. पर्र म्हणजे चरताना स्वतःशीच घुटमळल्यासारखी हळू घरघर. याहून जोरदार ‘कटिंग’ म्हणजे भराभर आणि अनियमित क्लक. ते नंतर शिकलात तरी चालेल.

३. लाकूड निवडा

ढोबळ नियम सोपा आहे. जड, दाट लाकडाचा आवाज उंच, धारदार आणि लांब जाणारा. हलक्या, मऊ लाकडाचा आवाज खालच्या पट्टीचा, गोल आणि जवळचा. लाकडाचा कडकपणा ‘जंका’ चाचणीने मोजतात. ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती पौंड जोर लागतो, तो आकडा म्हणजे जंका. आकडे सुमारेच धरायचे, कारण एकाच जातीच्या दोन झाडांतही फरक पडतो.

*हिकरी* (सुमारे १८२०). पहिली काडी एकच घेणार असाल तर हीच घ्या. आवाज मधल्या पट्टीचा, त्यात खरखर भरपूर, आणि येल्पची मोड जवळजवळ आपोआप येते. हातोडी-कुऱ्हाडीचे दांडे याच लाकडाचे असतात, त्यामुळे ती सहज तुटत नाही. स्लेटशी तिचे चांगले जमते.

*हार्ड मेपल* (१४५०). हिकरीपेक्षा स्वच्छ आणि गुळगुळीत. शांत सकाळी, पक्षी जवळ असताना उपयोगी. लाकडाचे तंतू फार बारीक असल्याने टोक लवकर गुळगुळीत होते आणि पुन्हा पुन्हा खरवडावे लागते.

*पर्पलहार्ट* (सुमारे २५२०). दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले जांभळट लाकूड. उंच, टणक, वाऱ्यातही ऐकू जाणारा आवाज. स्लेटवर काही पॉटमध्ये तो फार टोचरा होतो, काचेवर मात्र बहार येते. दिसायला सुंदर असल्याने नवखे लोक हीच काडी आधी उचलतात आणि मग पर्र काही केल्या जमत नाही म्हणून कंटाळतात.

*ऑसेज ऑरेंज* (सुमारे २६२०). पिवळे, अतिशय दाट. याचेही तसेच, दूरची हाक मारायला उत्तम.

*ब्लॅक वॉलनट* (१०१०) आणि *चेरी* (९५०). मऊ, खालच्या पट्टीचे. म्हाताऱ्या मादीचा जाडसर आवाज काढायचा असेल तर वॉलनटला तोड नाही.

*ईस्टर्न रेड सीडर* (९००). क्लक आणि पर्र यांसाठी फार गोड, पण टोक भरभर झिजते.

*पर्सिमन* (सुमारे २३००). याचे नाव मी मुद्दाम घेतो. हे झाड आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या, म्हणजे बिडीची पाने देणाऱ्या तेंदूच्याच कुळातले. पूर्वी गोल्फच्या काठ्यांची डोकी याचीच करत. आवाज उंच असूनही कानाला बोचत नाही. कुठे मिळाली तर सोडू नका.

याशिवाय *लॅमिनेटेड बर्च* असते. रंगवलेले पातळ पापुद्रे राळेने दाबून चिकटवलेले असतात. याचे मूळ व्यापारी नाव डायमंडवुड. ते बनवणारा व्हर्माँटमधल्या रटलँडचा कारखाना २०१४ मध्ये जळाला, पण तशा लाकडाला लोक आजही सर्रास तेच नाव देतात. राळेमुळे ते हवामानाने फारसे फुगत-आकसत नाही आणि दोन काड्यांच्या आवाजात फरकही कमी असतो.

शिसवीबद्दल दोन शब्द. गावाकडून शिसवीचा तुकडा आणून इथे स्ट्रायकर कातून घ्यायची इच्छा बऱ्याच जणांना होते. लाकूड म्हणून ती छान वाजते यात शंका नाही. पण शिसवीचे जवळजवळ सगळे डाल्बर्जिया कुळ, ज्यात मेक्सिकोकडचा कोकोबोलोही आला, २०१७ पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, आणि कच्चे लाकूड अमेरिकेत आणायला शेती खात्याचेही नियम आहेत. सामानात गुपचूप टाकू नका. आधी नियम वाचा, विमानतळावर जाहीर करा. दुसरे म्हणजे कोकोबोलोची धूळ काहींच्या त्वचेवर पुरळ आणते. असे टोक घासताना मास्क लावा.

माझी तीन काड्यांची निवड: हिकरी, पर्पलहार्ट आणि वॉलनट. एक मधली, एक उंच, एक खालची. या तिघींचे आवाज एकमेकींपासून इतके वेगळे असतात की जंगलात एकाच जागी बसून तुम्ही दोन-तीन वेगवेगळ्या माद्या आहेत असा भास निर्माण करू शकता. हिकरी, अॅश, ओक अशा एकमेकींच्या जवळच्या तीन काड्या घेऊन हे जमत नाही.

४. टोक, दांडी आणि मूठ पाहा

लाकूड ठरले की आकार. टोक बारीक असेल तर स्वर वर जातो, जाड असेल तर खाली येतो. काही टोके सरळ गोलाई दिलेली असतात, काही शेवटी किंचित फुगलेली. फुगलेले टोक पाटीवर जास्त जागा धरते, त्यामुळे पर्र सोपी जाते. नवख्याने हेच घ्यावे.

मूठ आणि दांडी एकाच लाकडाची अखंड कातलेली असू शकते, किंवा वेगळ्या लाकडाची मूठ गोंदाने बसवलेली असते. दोन्ही चालतात. जड मुठीची काडी स्वतःच्या वजनाने चालते, हाताला कमी जोर लावावा लागतो. मात्र सांधा घट्ट हवा. सांधा सैल असलेल्या काडीतून एक बारीक झणझण येते, आणि माणूस तासन्‌तास पाटी घासत दोष तिथे शोधत बसतो.

५. दुकानात हातात घेऊन तपासा

आपला पॉट बरोबर घेऊन जा. दुसऱ्याच्या पॉटवर गोड वाजलेली काडी तुमच्या पॉटवर मुकी निघू शकते.

काडी काउंटरवर लोळवा. वाकडी असेल तर ती डगमगत जाईल. दांडीवरचे तंतू टोकापासून मुठीपर्यंत सरळ गेलेले हवेत. ते तिरके जाऊन मध्येच बाहेर पडत असतील तर काडी तिथे मोडते. टोकावर नख फिरवा. चकचकीत लागले तर वॉर्निश टोकापर्यंत आले आहे. ते घासून काढता येते, म्हणून एवढ्यावरून काडी नाकारू नका. कानाजवळ धरून मुठीला टिचकी मारा, सांध्याची झणझण असेल तर लगेच कळते.

आता वाजवा, पण स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नका. पॉट हातात असताना आपल्याला टोकाची खरखर जास्त आणि स्वर कमी ऐकू येतो. बरोबरच्या माणसाला तीस-चाळीस पावलांवर उभे करा, त्याच्याकडे पाठ करून वाजवा आणि कोणती काडी ‘पक्ष्यासारखी’ वाटली ते विचारा. किंवा फोन तेवढ्या अंतरावर ठेवून मुद्रण करा. हातात खडबडीत, ओबडधोबड वाटलेली काडी लांबून अस्सल वाटते, असे वारंवार घडते.

दुकानात वाजवू देत नसतील तर नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या स्थानिक शाखेच्या कार्यक्रमाला जा. ही संस्था १९७३ पासून आहे, मुख्यालय साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डला. दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस नॅशव्हिलला भरणाऱ्या त्यांच्या अधिवेशनात हाताने कॉल बनवणारे कारागीर टेबले मांडून बसतात. त्यांच्यासमोर पॉट ठेवून ‘याला काय चालेल’ एवढेच विचारा. मंडळी प्रेमाने, वेळ देऊन दाखवतात.

६. पाटी आणि टोक तयार करा

इथे घाई करू नका. काडी खराब आहे म्हणून फेकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे टोक किंवा पाटी तयार केलेली नसते.

पाटीसाठी स्कॉचब्राइट. हलक्या हाताने, एकाच दिशेने, तळहाताच्या खळग्याएवढीच जागा घासा. चमक जाऊन फिकट, मॅट राखाडी रंग आला की थांबा. धूळ फुंकून टाका, बोटाने पुसू नका. बोटाचे तेल स्लेटमध्ये मुरते आणि तेवढ्या जागी टोक नुसते घसरते. नंतर वाजवताना घासल्याच्या रेघांना आडवे वाजवा. काचेच्या पॉटला मात्र स्कॉचब्राइट पुरत नाही, त्याला ८० ते १०० नंबरचा सँडपेपर लागतो.

टोकासाठी आधी १५० नंबरने वॉर्निश काढा, मग २२० ने एक-दोन फेऱ्या. गोलाई जशी होती तशीच राहिली पाहिजे. पेन्सिलीसारखे टोक काढाल तर आवाज चिरका होईल आणि पाटीवर चरे पडतील. सपाट कराल तर टोक अडखळेल. पुढे वाजवता वाजवता टोकावर स्लेटची राखाडी पूड बसून ते चकाकायला लागते. तेव्हा स्कॉचब्राइटवर एकदाच फिरवले तरी पुरते. दर वेळी सँडपेपर वापरलात तर एका हंगामात टोकाचा आकारच हरवेल.

स्लेटवर खडू लावू नका. खडू बॉक्स कॉलसाठी, म्हणजे लाकडी पेटीच्या कॉलसाठी, असतो, स्लेटवर तो आवाज मारतो.

७. धरायचे कसे

पॉट तळहातावर ठेवू नका, बोटांच्या टोकांवर पेलून धरा. बुडाची भोके मोकळी राहिली पाहिजेत आणि खाली हाताची पोकळी हवी. काडी पेन्सिलीसारखी, टोकापासून दीड-दोन इंचांवर, किंचित तिरकी धरा. मनगट सैल ठेवा.

टोक पाटीच्या मध्यापासून आणि कडेपासून सारख्या अंतरावर टेकवा. येल्पसाठी वाटाण्याएवढे लंबगोल काढा आणि टोक पाटीवरून उचलू नका. कडेकडे सरकलात की स्वर चढतो, मध्याकडे आलात की उतरतो. प्रत्येक पॉटवर एक जागा अशी असते जिथे येल्प आपसूक मोडतो. नव्या काडीने ती जागा पुन्हा शोधावी लागते, कारण हिकरीची जागा आणि पर्पलहार्टची जागा एक नसते. सापडली की पॉटच्या कडेवर पेन्सिलने बारीक खूण करा.

पर्रसाठी जोर जवळजवळ काढून घ्या आणि काडीच्या वजनानेच एक संथ रेघ ओढा. क्लकसाठी टोक दाबून धरा आणि अगदी थोडे सरकू द्या, टक्‌ असा आवाज येईल. काडी जास्त घट्ट धरली की तिचा कंप मरतो. आवाज दबका येत असेल तर आधी पकड ढिली करून पाहा, मगच लाकडाला नावे ठेवा.

८. ओल आणि ऊन

लाकडी काडीचा शत्रू पाणी. दव पडलेल्या पाटीवर कोणतेही लाकूड वाजत नाही, म्हणून पॉट आणि काड्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि जंगलात बसल्यावरच काढा. पाऊस लागला तर अॅक्रिलिक किंवा कार्बनची काडी आणि काचेचा पॉट. भिजलेले टोक हीटरवर वाळवू नका, तडकते. सावलीत एक-दोन दिवस राहू द्या. बंद गाडीतल्या उन्हातही पॉट ठेवू नका, चकत्यांचा गोंद सैल होतो.

९. जंगलात नेण्यापूर्वी

सराव घरी, गॅरेजमध्ये, गाडीत करा. हंगामाआधी खऱ्या पक्ष्यांवर सराव करू नका. ते शहाणे होतात, आणि काही राज्यांत त्याला बंदीही आहे. हंगाम, वेळ आणि कोणता पक्षी चालतो हे राज्यागणिक बदलते. वसंतात अनेक ठिकाणी फक्त छातीवर ‘दाढी’ (केसांसारख्या पिसांचा झुबका) असलेला पक्षी चालतो. फोनवर मुद्रित आवाज लावून टर्की बोलावणे बहुतेक राज्यांत बेकायदा आहे.

लाल, पांढरे, निळे काही अंगावर किंवा हातात नको, रुमालसुद्धा नको. नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात. चांगली साद ऐकून दुसरा शिकारीही तुमच्याकडे येऊ शकतो, म्हणून खांद्यापेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा. माणूस दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, मोठ्याने बोला. आणि तुम्हाला सुंदर येल्प ऐकू आला तर त्या आवाजाच्या दिशेने दबकत कधीही जाऊ नका. कॅमेरावाल्यांनाही हे तितकेच लागू आहे.

१०. काड्यांवर खुणा करा

मुठीच्या बुडाला लाकडाचे नाव लिहा. वर्षभराने, रंग बदलल्यावर, चेरी आणि वॉलनट ओळखणे अवघड जाते. पर्पलहार्टही उन्हाने तपकिरी होते. दांडीवर एका बाजूला बारीक ठिपका द्या आणि ती बाजू नेहमी आपल्याकडे धरा, म्हणजे टोक एकाच जागी बसते आणि आवाज रोज तोच येतो. पहाटेच्या अंधारात काडी हातानेच ओळखता यावी म्हणून हिकरीच्या मुठीला एक रबर बँड, वॉलनटला दोन, पर्पलहार्टला एकही नाही. रबर बँड मुठीवरच गुंडाळा, दांडीवर नको, तिथे तो कंप दाबतो.